गायीच्या वाट्याचा मका

डॉक्टरांनी मेलेली कोंबडी ओट्यावर उताणी टाकून चिरली. काळीज पिवळं पडलं होतं.

"खाद्य बघू," ते म्हणाले.

कोठीतल्या पोत्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी मक्याचे हिरवट गोळे लागले. "मका ओला भरलात, आजी. ही बुरशी. हिचं विष कोंबड्यांना बाधलं."

"ते मला नाही का कळलं? कोंबड्या माना टाकायला लागल्या, त्याच दिवशी त्यांचा मका बंद केला. ही आधीपासूनच आजारी होती."

डॉक्टरांनी साबणाने हात धुतले आणि आजीने पुढे केलेला चहा घेतला. जनावरं तपासून झाली की त्यांना चहा लागायचाच. "मग फेकला ना तो?"

"फेकते कशाला?" आजीच्या घरचा उकिरडासुद्धा उपाशी असायचा. "लागेल तसा काढते, चोळून धुते, अंगणात कडकडीत वाळवते. मग गायीला घालते. कोंबडीची जातच नाजूक. गाय बघा कशी ठणठणीत आहे. दूधसुद्धा कमी नाही झालं. चहात तिचंच आहे."

डॉक्टरांचा कप ओठांशी थांबला. त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

"उन्हानं बुरशी मरते, आजी. विष नाही मरत. गाय थोडं पचवते, थोडं दुधात उतरतं."

आजीने कपाकडे पाहिलं. निम्मा संपला होता. "अगंबाई. आता तुम्हाला काही व्हायचं."

"मला एका कपानं काय होतंय? पण आजपासून हे दूध बंद. रोज पिणारं लहान कोणी नाही ना घरात?"

नात, ठकी, दुधाला कधी शिवायची नाही. पण कोंबड्या मरू लागल्या, घरातली अंडी बंद झाली, तेव्हा पोरीच्या अंगाला काहीतरी लागावं म्हणून आजीनेच तिला दुधाची सवय लावली होती. गोष्टी सांगून, गोंजारून, कधी डोळे वटारून. रिकामा पेला उलटा करून दाखवला की शाब्बासकी, असं दोघींचं ठरलं होतं.

"आहे," आजी म्हणाली.

डॉक्टर काही बोलणार तोच ठकी आतून धावत आली. ओठांवर पांढरी मिशी. तिने आजीसमोर पेला उलटा धरला.

"बघ. सगळं."

आजी नुसती बघत राहिली. तिला नीट दिसलं नसेल असं वाटून ठकीने पेला आणखी उंच धरला आणि जोरात झटकला. एक थेंबही पडला नाही.