पायांना शेक

अण्णा शिंपीकाम करायचे. शुगरनं पाय इतके बधिर झाले होते, की मशीनचं पॅडल पायाखाली आहे की नाही, ते त्यांना वाकून बघावं लागे. मुलाच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलं, 'शुगरवाल्यांनी पाय कढत पाण्यात बुडवावेत. आठवड्यात बधिरपणा पळालाच समजा!'

एरवी बापलेकाचं बोलणं म्हणजे 'जेवलात का' आणि 'कडी लावून घ्या' एवढंच. पण त्या रविवारी त्यानं स्वतः पाणी तापवलं, अण्णांचे पाय टबात सोडले आणि समोर फरशीवर फतकल मारून बसला.

"पोळत नाही ना, अण्णा?"

"छे! मस्त वाटतंय. घाल अजून."

तो गरम पाणी घालत राहिला, अण्णा गोष्टी सांगत राहिले. त्याच्या शाळेच्या पहिल्याच पँटचा एक पाय त्यांनी आखूड शिवला होता, ते आठवून दोघं पोट धरधरून हसले.

सकाळी पावलांवर हे एवढाले फोड आले होते. जखम चिघळत गेली आणि शेवटी उजवं पाऊल कापावं लागलं.

दवाखान्यात खाटेशेजारी मुलगा मान खाली घालून बसला होता. "पायांना काहीच कळत नव्हतं, तर 'मस्त वाटतंय' कशाला म्हणालात, अण्णा?"

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.



"ते पाण्याचं नव्हतं रे. तू समोर बसला होतास ना!"