एकोणतिसाचा पाढा

जनगणनेच्या कामाला निघायची घाई होती, म्हणून घोरपडे गुरुजींनी तिसरीच्या सव्वीस मुलांच्या कपाळावर पाढ्यांच्या पट्ट्या सकाळीच चिकटवल्या. पट्टीत त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीची, यशोदा हुलेची, स्मृती उतरवलेली होती; कपाळाला लागली की ती थेट मुलाच्या डोक्यात जाई. तिचा पाढा कधी चुकत नसे. तेवढा मार तिने गुरुजींच्या हातचा खाल्ला होता. हात मागे घेतला की छड्या पुन्हा पहिल्यापासून, हा त्यांचा नियम.

"एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर," वर्ग एका सुरात म्हणू लागला. खूश होऊन गुरुजींनी फळ्यावरची तारीख दाखवायला छडी उचलली.

आवाज थांबला. सव्वीस तळहात पुढे आले.

"अरे, हल्ली मी मारत नाही!"

पण मार खाताना यशोदाच्या मनात रोज जे यायचं, तेही पट्टीत उतरलं होतं. पहिल्या बाकावरच्या श्रावणीने छडी हिसकावली. बाकीच्यांनी गुरुजींना खुर्चीत दाबून त्यांचा हात टेबलावर धरला. बोटांच्या पेरांवर फटके बसू लागले. चौथ्याला रक्त आलं, नवव्याला हाड वाजलं.

किंचाळत गुरुजींनी हात मागे ओढला.

"पहिल्यापासून!" सव्वीस मुलं एका सुरात म्हणाली.