साहेबांचा शर्ट

राष्ट्रीय रग्बी महासंघाच्या अध्यक्षपदी नवऱ्याची निवड झाली आणि वृंदाताईंच्या दारात चाहत्यांनी ढोल बडवायला घेतले.

फाटकाबाहेर मावळत्या अध्यक्षांचा पुतळा जळत होता. डोक्याच्या जागी रग्बीचा जुना चेंडू, अंगात निळा चौकटीचा शर्ट. तो शर्ट पूर्वी कितीदा त्या माणसाच्या अंगावर पाहिलेला! वृंदाताईंनी एका ढोलवाल्याला गाठलं.

"अहो, हा त्यांचा शर्ट तुमच्याकडे कसा?"

"त्यांच्या बायकोनंच दिला की! ते निवडून आले त्या दिवशी, अगदी हौसेनं." ढोलवाला हसला. "आमची पद्धतच आहे. नवे अध्यक्ष आले की त्यांचा एक शर्ट मागून ठेवायचा."

मग त्यानं अदबीनं हात पुढे केला.

"वहिनी, साहेबांचा जुना चालेल. फक्त सुती बघा. टेरिकॉटचा फार धूर होतो."