नावं ठेवण्याची नोकरी

"अळूच्या भाजीत चिंच कमी पडलीय, आणि मसालेभात खाली लागलाय," भर पंगतीत आमच्या यांनी जाहीर केलं. नवरीचे वडील बिचारे फक्त "सावकाश होऊ द्या" म्हणायला आले होते. अशा वेळी "छान झालंय" एवढंच म्हणायचं असतं, हे यांना कुणी शिकवलंच नाही. मी जिलबीवरची नजर हलवली नाही.

यांनी जन्मभर कारखान्यात तयार मालातले दोष काढले. कारखाना बंद पडला, खोड तेवढी राहिली. त्यात खाण्याचं वेड! घरात रोज माझी परीक्षा, बाहेर लोकांची.

तेवढ्यात केटरर वझरकर तरातरा आले. आता जुंपणार म्हणून मी पर्स उचलली. तर ते म्हणाले, "काका, हेच जरा पंगत बसायच्या आधी येऊन सांगत जा ना. महिन्याचा पगार देतो."

आता हे रोज इस्त्रीचा शर्ट घालून वझरकरांकडे चव बघायला जातात. पातेल्यांमागून पातेली नापास करतात आणि खुशीत परततात. घरी मात्र पानात पडेल ते मुकाट जेवतात. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग डोकं फिरायला लागलं.

परवा मी आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही. यांनी वाटी संपवली.

"अहो, कशी झालीय?"

"छान."

मी पातेलं यांच्या पुढ्यात आदळलं. परक्यांच्या मांडवातसुद्धा हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता!