पुढची ओळ

पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये जुई बाबांना नवीकोरी रहस्यकादंबरी वाचून दाखवत होती. जाड पुठ्ठ्याची, आणि वरचं प्लास्टिक जुईने स्वतः आत्ताच फाडलेलं.

स्मरणशक्ती गेल्यापासून पोटच्या पोरीला ‘बाई’ म्हणणारा हा म्हातारा तिच्याआधीच पुढची ओळ बोलत होता. शब्दन्‌शब्द.

“बाबा, हे कुठे वाचलंत?”

“अडखळू नका हो, बाई.”

तिचं डोकं भणभणलं. “कमाल आहे! पुस्तक पाठ, आणि मी कोण ते ठाऊक नाही?” तिने पुस्तक आपटून मिटलं.

बाबा थांबले नाहीत. “दारावरची बेल वाजली,” ते म्हणाले आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. “माझी जुई आली!”

बेल वाजली.

“बाबा,” बाहेरून जुईचाच आवाज आला, “उघडा ना, मी आहे.”