हाकेला ओ

"आत कोण हाय का?" हळद पॉलिश करायच्या ड्रमच्या बटणावर बोट ठेवून मालनने विचारलं.

"कोण न्हाई, मालनताई. करा चालू," ड्रममधून उत्तर आलं.

तिचं बोट थिजलं. तो निंगाप्पाचा आवाज होता. गेल्या वर्षी तिने न विचारता बटण दाबलं, तेव्हा आत सफाई करणारा निंगाप्पा जिवानिशी गेला होता. त्या दिवसापासून ती रोज विचारायची.

मेन स्विच पाडून तिने ड्रमचं दार उघडलं. आत नवा कामगार बिराप्पा जाळी घासत बसला होता.

"आरं, ओ का दिली न्हाईस?" त्याला बाहेर ओढत ती किंचाळली.

"दिली की, ताई," तो गोंधळून म्हणाला. "दोनदा वरडलो, आत हाय, थांबा म्हणून."