स्केटबोर्डवरून तीन ठिकाणं

"डावा पाय पुढे ठेव आणि खाली बघू नकोस," लिफ्टवाली म्हणाली आणि स्वतःच खाली बघत राहिली. अनाथ मुलांच्या संस्थेच्या फाटकासमोरचा उतार तसा साधाच होता, पण आज तिला तो कड्याएवढा वाटत होता.

भिंगरी मागे वळून न बघता सुर्रकन निघून गेली. नऊ वर्षांची मुलगी, डोक्यावर एक माप मोठं हेल्मेट. संस्थेत तिला हे नाव कुणी दिलं कोण जाणे. पायांना शोभणारं होतं, पण बोलणं मात्र अगदी मोजूनमापून. गेले चार रविवार लिफ्टवालीने तिला संस्थेच्या अंगणात स्केटबोर्ड शिकवला होता. आज दोघी पहिल्यांदाच बाहेर पडत होत्या.

लिफ्टवाली वीस वर्षं शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करत आली होती आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर स्केटबोर्डवरूनच जात होती. घर दोन खोल्यांचं, माणूस एक. दुसऱ्या खोलीत तिने गेल्या महिन्यात लहानसा पलंग आणून ठेवला होता. त्यावर भिंगरी झोपणार की नाही, हे आजच्या दिवसावर होतं. संस्थेचा नियमच तसा होता. मूल दत्तक घ्यायचं तर एक दिवस त्याला शहर दाखवून आणायचं, सहाच्या आत परतायचं, मग अहवाल.

संस्थेतल्या बाई बसने पुढे जाऊन प्रत्येक ठिकाणी भेटणार होत्या. त्यांच्या हातात वही आणि पेन्सिल होती. ती वही बघून लिफ्टवालीने कमरेला बांधलेल्या जॅकेटची गाठ उगाच पुन्हा आवळली.

निघता निघता पहारेकरी हळूच म्हणाला, "ताई, याआधी तीन घरांनी नेलंय हिला. सकाळी जाते, संध्याकाळी परत येते, पुढे काहीच होत नाही."

एवढ्या गुणी पोरीला तीन घरांनी नको म्हणावं, याचा लिफ्टवालीला मनापासून राग आला. आपण काही झालं तरी असं करायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

पहिलं ठिकाण संग्रहालय. लिफ्टवालीने रात्री जागून माहिती पाठ केली होती. "हे संग्रहालय एकशे बारा वर्षं जुनं आहे," ती बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. भिंगरीने जांभई दिली.

तिथून निघाल्यावर भिंगरीने विचारलं, "मावशी, ती उंच इमारत कसली?"

"कचेऱ्या आहेत. तिथली तीन नंबरची लिफ्ट फार हट्टी. मनात आलं की सोळाव्या मजल्यावर रुसून बसते."

"मग?"

"मग मला बोलावतात. मी वर जाऊन तिची समजूत काढते."

"कशी?"

लिफ्टवालीने एका पायावर उभं राहून, हातवारे करत, ब्रेक आणि तारेचे दोर समजावून सांगितले. भिंगरी ऐकत राहिली. त्यानंतर दिसेल त्या इमारतीची लिफ्ट कशी आहे, हेच तिचं पालुपद. एका लिफ्टमध्ये वऱ्हाडाचं वऱ्हाड अडकलं होतं, ते ऐकून तर ती खुदकन हसली.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी लिफ्टवालीने पुन्हा मोठ्याने उंची सांगितली, बांधणाऱ्याचं नाव सांगितलं. बाईंनी पुन्हा काहीतरी लिहिलं. लिफ्टवालीला जरा धीर आला.

तो फार टिकला नाही. पुलाकडच्या उतारावर तिचं पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं आणि लिफ्टवाली चारी मुंड्या चीत झाली. कोपर चांगलंच सोलवटलं. भिंगरी धावत आली.

"दुखतंय?"

"छे."

"रक्त येतंय."

लिफ्टवालीने घाईघाईने कमरेचं जॅकेट सोडून अंगात चढवलं. "हे बघ, बाईंना सांगू नकोस. नाहीतर तुला माझ्याकडे पाठवायचे नाहीत."

भिंगरीने जॅकेटची बाही तिच्या मनगटापर्यंत नीट ओढून दिली. मग म्हणाली, "बरं."

पुलावर बाईंनी विचारलंच, "कुणी पडलं-बिडलं नाही ना?"

"नाही," भिंगरी नदीकडे बघत म्हणाली.

बाई मान डोलावून बसकडे गेल्या. लिफ्टवालीला मात्र सुटल्यासारखं वाटेना. आपण आई व्हायला निघालो आणि पहिल्याच दिवशी पोरीला खोटं बोलायला शिकवलं. तिला स्वतःची लाज वाटली. परतीच्या वाटेवर भिंगरीनेही एकाही लिफ्टची चौकशी केली नाही.

सहाला दहा मिनिटं असताना दोघी बाईंच्या खोलीत शिरल्या. लिफ्टवालीने जॅकेट काढलं आणि कोपर टेबलावर ठेवलं.

"बाई, मी पडले होते. हिने नाही म्हटलं ते माझ्या सांगण्यावरून. चूक माझी आहे. अहवालात माझ्याच नावावर लिहा, तिच्या नको." तिने भिंगरीकडे बोट केलं. "आणि ही हुशार पोर आहे. तेही लिहा."

"आधी हे धुऊन घ्या," बाई म्हणाल्या आणि कपाटातून कापूस आणि औषध काढून दिलं.

"पण अहवाल?"

बाईंनी वही उघडून तिच्यापुढे सरकवली. पानभर शब्दकोडं होतं, अर्धंमुर्धं सुटलेलं. "तो मी कुठे लिहिते?" असं म्हणत त्यांनी खणातून एक छापील कागद काढला आणि पेनासकट भिंगरीसमोर ठेवला.

लिफ्टवाली कापूस हातात धरून तशीच उभी राहिली. भिंगरी खुर्चीवर बसली. परीक्षेला बसल्यासारखा डावा हात आडवा धरून तिने काहीतरी लिहिलं, कागद उलटला आणि अडली.

"बाई," ती म्हणाली, "तिन्ही वेळा मी पुढच्या बाजूला 'नाही' लिहिलं की संपायचं. 'हो' लिहिल्यावर मागच्या बाजूला काय भरायचं असतं?"